हेलिकॉप्टर, डोंगर आणि विरळ हवा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

केदारनाथची दारे उघडली की या सदराकडे हेलिकॉप्टरविषयीची पत्रे वाढतात, हा आता नेहमीचा अनुभव झाला आहे. यंदाची बरीचशी पत्रे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून आली असून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत. सेवेत असताना मला हिमालयातही उडावे लागले आणि किनाऱ्यावरही, त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचे दाखले आपोआप आले आहेत.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात आईला घेऊन केदारनाथला गेलो होतो. हेलिपॅडवर प्रत्येकाचे वजन केले, पिशव्या खालीच ठेवून घेतल्या आणि एवढे करून आमची सकाळची फेरी 'वर ढग आहेत' असे सांगून रद्द केली. आम्ही उभे होतो तेथे लख्ख ऊन होते. ही खरोखरची अडचण असते की मनमानी? (एक वाचिका, गुहागर)

उत्तर : वजनाच्या बाबतीत तरी मनमानी नाही, हे आधी सांगतो. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती हवा खाली लोटतात आणि त्या बळावर ते वर राहते. समुद्रसपाटीला प्रमाणित हवामानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२५ किलो भरते; केदारनाथच्या ३,५८३ मीटर, म्हणजे सुमारे ११,७५५ फूट उंचीवर तेच सुमारे ०.८५ किलोवर येते. पाती तेवढीच, त्यांचे फेरेही तेवढेच, पण लोटायला हवा कमी. तोच उठाव मिळवायचा तर पात्यांचा कोन वाढवावा लागतो, कोन वाढला की रोध, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो आणि त्यासाठी इंजिनाकडून अधिक शक्ती मागावी लागते. इंजिनालाही तीच विरळ हवा घ्यावी लागत असल्याने त्याची शक्ती नेमकी त्याच वेळी घटलेली असते. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

त्यात उष्णतेची भर पडते. वैमानिकाच्या हिशेबात जमिनीच्या उंचीपेक्षा 'डेन्सिटी अल्टिट्यूड' म्हणजे हवेच्या घनतेनुसार ठरणारी उंची महत्त्वाची असते. प्रमाणित तापमानापेक्षा हवा एक अंशाने अधिक गरम असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ठिकाण सुमारे १२० फुटांनी उंच होते. केदारनाथला प्रमाणित तापमान उणे आठ अंशांच्या आसपास धरले जाते. दुपारी तेथे १५ अंश असेल, तर हेलिकॉप्टर साडेचौदा हजार फुटांवर असल्यासारखेच वागते. आपल्याकडेही हा फरक पडतो. मे महिन्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पारा ३३ अंशांवर असतो, तेव्हा यंत्र दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखे होते, आणि दमटपणामुळे त्यात आणखी थोडी वाढ होते. दमट हवा जड असते, हा किनाऱ्यावरचा पक्का समज आहे. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवाच किंचित विरळ असते.

केदारनाथला जाणारी लहान हेलिकॉप्टरे सगळे धरून सुमारे सव्वादोन टनांची असतात. त्यातून यंत्राचे, वैमानिकाचे आणि इंधनाचे वजन वजा केल्यावर प्रवाशांच्या वाट्याला जे उरते, ते उंचीमुळे आणखी कापले जाते. म्हणून टाकी पूर्ण न भरता थोडे इंधन घेऊन फेऱ्या करतात आणि माणसे काट्यावर उभी करतात. आपल्या आईंची पिशवी खाली राहिली, ती या वजाबाकीत.

आता ढगांविषयी. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून निघालेले हेलिकॉप्टर मंदाकिनीच्या अरुंद दरीतून वर जाते. ही उड्डाणे डोळ्यांनी जमीन पाहत करायची असतात. विमानतळावर असते तशी उपकरणांच्या आधारे ढगातून उतरवणारी यंत्रणा त्या दरीत नाही. दिवस वर आला की उन्हाने उतार तापतात, हवा दरीतून वर सरकू लागते आणि अर्ध्या वाटेवर तिचे ढग बनतात. आपल्या किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे ज्या तापण्या-निवण्यामुळे वाहतात, त्याच कारणाने हेही घडते, मात्र येथे वाऱ्याला जायला वाट असते ती फक्त दरीची. त्यामुळे खाली ऊन, मंदिरापाशीही ऊन, आणि मधल्या रामबाड्याच्या परिसरात समोरचा कडा दिसत नाही, असे सहज होते.

अशा वेळी 'थोडे पुढे जाऊन बघू, नाहीतर मागे वळू' हा विचार घातक ठरतो. विरळ हवेत वेगमापकावर ६० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसत असताना बारा हजार फुटांवर खरा वेग सुमारे ७२ नॉट असतो. वळणाचा घेर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे खाली जेवढ्या जागेत वळता येत होते त्याच्या जवळजवळ दीडपट जागा वर लागते. आणि दरी तर वर जाताना अरुंद होत जाते. म्हणून जाणता वैमानिक दरीच्या मधोमध कधी उडत नाही. तो एका कडेला धरून राहतो, जेणेकरून वळायची वेळ आली तर दरीची संपूर्ण रुंदी हाताशी असावी. मधोमध उडणाऱ्याला वळायला अर्धीच दरी मिळते. दरीच्या मध्यभागी राहिले तर दोन्ही कड्यांपासून सारखेच अंतर राहते आणि म्हणून ते सुरक्षित, असे प्रवाशाला वाटणे स्वाभाविक आहे; कडा खिडकीजवळ दिसला की माणसे घाबरतात, पण तो मुद्दाम जवळ ठेवलेला असतो.

याच दरीत १८ ऑक्टोबर २०२२ रोजी आणि १५ जून २०२५ रोजी हेलिकॉप्टर कोसळून प्रत्येक वेळी सात जणांचा मृत्यू झाला, आणि दोन्ही वेळी दृश्यमानता खराब असल्याचे समोर आले. २०२५चा अपघात तर पहाटेचा होता, तेव्हा सकाळची पहिली फेरी म्हणजे बिनधोक, असेही समजू नये. माझे स्पष्ट मत असे की, आरक्षित फेऱ्या पुऱ्या करण्याचा ताण आणि तिकीट-खिडकीवर ताटकळणाऱ्या प्रवाशांचा आरडाओरडा यांचा वैमानिकावर जो भार पडतो, तो यंत्राच्या कोणत्याही दोषापेक्षा अधिक काळजीचा आहे. पुन्हा जाणार असाल, तर हाताशी एक-दोन दिवस मोकळे ठेवा आणि रद्द झालेल्या फेरीबद्दल पैसे परत मिळण्यापलीकडे कोणाशी वाद घालू नका.

प्रश्न : जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये आम्ही हेलिकॉप्टर डोक्यावर स्थिर थांबलेले पाहिले. ते तसेच एव्हरेस्टवर अडकलेल्या गिर्यारोहकावर थांबून दोर का सोडू शकत नाही? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : प्रश्न साधा दिसतो, पण डोंगरातील हेलिकॉप्टर-उड्डाणाचा गाभा त्यात आला आहे. अधांतरी एका जागी थांबणे, ज्याला आम्ही 'हॉवर' म्हणतो, हे हेलिकॉप्टरचे सर्वांत खर्चिक काम आहे. साठ-सत्तर नॉटच्या वेगाने पुढे जाताना पंख्याला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि लागणारी शक्ती बरीच कमी होते. थांबले की पंख्याला त्याने स्वतःच खाली लोटलेल्या हवेत काम करावे लागते. त्यामुळे असे घडू शकते की एखादे यंत्र अठरा हजार फुटांवर आरामात उडते, पण तेथे एक क्षणही थांबू शकत नाही. उडता येणे आणि थांबता येणे या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि बातम्या वाचताना बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो.

हॉवरचेही दोन प्रकार आहेत. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत सपाट जमीन असेल, तर खाली लोटलेली हवा जमिनीवर अडते आणि यंत्राला थोडा आधार मिळतो. त्याहून वर हा आधार राहत नाही आणि तेथे थांबायला अधिक शक्ती लागते. चिपळूणच्या छपरांवर दोर सोडण्याएवढ्या उंचीवर थांबलेल्या यंत्राला हा आधार नव्हताच, पण समुद्रसपाटीच्या दाट हवेत इंजिनाकडे शिल्लक भरपूर असल्याने तो लागलाही नाही. पर्वतात शिल्लक नसते आणि आधारही मिळत नाही, कारण उतारावर किंवा धारेवर लोटलेली हवा अडण्याऐवजी खाली घरंगळून जाते.

म्हणून उंचावरच्या अनोळखी जागी उतरण्याआधी वैमानिक त्या जागेच्याच उंचीवरून एकदा सरळ उडून जातो. त्या वेळी त्याची नजर दोन काट्यांवर असते : एक टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पंखा फिरवणारा पीळ, दाखवणारा आणि दुसरा टर्बाइनचे तापमान दाखवणारा. समुद्राकाठी बहुधा टॉर्कची मर्यादा आधी गाठली जाते, उंचावर तापमानाची. ठरावीक वेगाला किती शक्ती खर्च होते आणि लाल रेषेपर्यंत किती उरते, हे पाहून मांडीवरच्या तक्त्याशी ताळा करायचा. उरलेली शक्ती हॉवरसाठी पुरेशी नसेल, तर तेथूनच परत. उतरण्याचा निर्णय या फेरीतच होतो. पुढे वेग पंधरा-वीस नॉटच्या खाली आला की पुढे जाण्यामुळे मिळणारा फायदा अचानक संपतो आणि मागणी एकदम उसळते. त्या क्षणी शिल्लक नाही असे लक्षात आले, तर बराच उशीर झालेला असतो : यंत्र खाली बसू लागते, पात्यांचा कोन जास्त वाढवल्याने पंख्याचे फेरे कमी होतात, आणि शेपटीचा छोटा पंखाही त्याच विरळ हवेत असल्याने नाक आपोआप फिरू लागते. वैमानिक दरीच्या बाजूला मोकळी वाट राखूनच का उतरतो, हे यावरून ध्यानात येईल. तिकडे झोकून दिले की वेग मिळतो आणि वेगाबरोबर उठावही परत येतो.

प्रश्न : हेलिकॉप्टर १२ किलोमीटरहून उंच गेल्याचा विक्रम आहे आणि एक हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरलेही आहे, असे वाचले. मग आठ हजार मीटरवर बचावकार्य का होत नाही? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने 'लामा' जातीचे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरपर्यंत नेले. परंतु ती उंची वर चढत जाऊन गाठलेली होती. तेथे थांबण्याचा, काही उचलण्याचा प्रश्नच नव्हता. १४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल यांनी 'एकुरई' जातीचे यंत्र एव्हरेस्टच्या ८,८४८ मीटर उंच माथ्यावर टेकवले आणि ते ३ मिनिटे ५० सेकंद तेथे राहिले. ते एकटे होते, आसने व इतर सामान काढून यंत्र सुमारे १२० किलोंनी हलके केले होते आणि धारेवर चढून येणाऱ्या वाऱ्याचा त्यांनी कौशल्याने उपयोग करून घेतला. आता त्यात ऐंशी किलोंचा एक जखमी माणूस आणि त्याला उचलणारा एक सहकारी बसवा, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच मिळेल. शिवाय संकटात सापडलेला माणूस चांगल्या हवामानाचा दिवस निवडून अडकत नाही, विक्रमवीर मात्र त्या दिवसाची वाट पाहू शकतो.

तरीही सीमा हळूहळू वर सरकते आहे. एप्रिल २०१०मध्ये नेपाळमधील अन्नपूर्णेवर सुमारे ६,९०० मीटर उंचीवर अडकलेल्या तीन गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरखाली लटकवलेल्या लांब दोराच्या साहाय्याने एकेक करून खाली आणले गेले. दोर लांब असल्याने यंत्राला कड्याला खेटावे लागत नाही आणि उतरण्यासाठी जागाही लागत नाही. मात्र वैमानिकाला पूर्ण आधारहीन हॉवर करावा लागतो, म्हणजे सर्वांत महाग प्रकार.

प्रश्न : आंबोलीजवळच्या कावळेसादला दरीत टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने परत वर येते. असा वारा हेलिकॉप्टरला मदतच करत असेल ना? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : कड्याच्या कोणत्या बाजूला आहात, त्यावर ते अवलंबून आहे. पावसाळ्यात समुद्रावरून आलेला नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि वर चढतो. कावळेसादला धबधब्याचे पाणी उलटे उडते तेही यामुळेच. या चढत्या प्रवाहात असलेल्या हेलिकॉप्टरला फुकटचा उठाव मिळतो, म्हणून दरीतून जाताना वैमानिक वाऱ्याने वर लोटली जाणारी बाजू निवडतो. पण तोच वारा माथा ओलांडला की पलीकडे खाली कोसळतो आणि त्याचे भोवरे बनतात. कडा जितका सरळसोट आणि वारा जितका जोराचा, तितकी चढत्या व उतरत्या हवेमधली सीमा कड्याच्या टोकाजवळ सरकते. हिमालयात मिनिटाला हजार-दीड हजार फूट वेगाने खाली येणारी हवा काही अपूर्वाईची नाही, आणि भरलेले हेलिकॉप्टर त्या उंचीवर मिनिटाला काही शे फूटच चढू शकते. वजाबाकी आपणच करावी.

यामुळे डोंगराची धार ओलांडताना तिला काटकोनात सामोरे न जाता सुमारे ४५ अंशांत तिरपे जायचे असते. धारेपाशी यंत्र दाबले जाऊ लागले, तर थोडेसे वळूनच दरीकडे निसटता येते. समोरासमोर गेलेल्याला जवळजवळ पूर्ण उलटे फिरावे लागते. वारा कोठून आहे हे कळायला तेथे वाऱ्याची पिशवी असतेच असे नाही. धूर, झाडांचे शेंडे, तळ्यावरच्या लाटा, शिखरावरून उडणारा हिमाचा तुरा यांवरून अंदाज बांधावा लागतो. पाण्याचा रंग पाहून वारा ओळखणारा मालवणचा एखादा जुना तांडेल या कामात चांगला शिष्य ठरला असता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

प्रश्न : पुतण्या लष्करात आहे. सियाचीनला अजूनही पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याची 'चीता' हेलिकॉप्टरे जातात, असे तो सांगतो. नवी यंत्रे असताना जुनीच का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : 'चीता' हे वर उल्लेख केलेल्या 'लामा'चेच हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवलेले रूप. भारतीय सैन्यदलांच्या उंच पर्वतांतील गरजेवरूनच हा आराखडा फ्रान्समध्ये तयार झाला आणि १९६९मध्ये पहिल्यांदा उडाला. त्यातील क्लृप्ती मला आजही देखणी वाटते. हलक्या, जाळीदार सांगाड्याला मोठ्या यंत्राचे इंजिन आणि पंखा बसवले. हे इंजिन मुळात सुमारे ८७० अश्वशक्तीचे, पण त्याच्याकडून जास्तीत जास्त ५५० अश्वशक्तीच घ्यायची अशी मर्यादा घातलेली. समुद्रसपाटीला यातली बरीच ताकद नुसती पडून राहते. विरळ हवेत इंजिनाची कुवत घटत गेली, तरी खूप उंचीपर्यंत ते ५५० देऊ शकते. राखून ठेवलेली ताकद वर उपयोगी पडते.

१३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्याची 'ऑपरेशन मेघदूत' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा बिलाफोंड ला या खिंडीच्या परिसरात जवानांना याच हेलिकॉप्टरांनी उतरवले. आज वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर चीता जेव्हा जाते, तेव्हा एका फेरीत रॉकेलचे एखाद-दोन जेरीकॅन एवढेच सामान नेऊ शकते. दोन्ही वैमानिक प्राणवायूवर असतात. हेलिपॅड म्हणजे बर्फात तुडवून केलेला चौथरा. पंख्याच्या वाऱ्याने भुसभुशीत हिम उडाले की सगळे पांढरे होते आणि वर-खाली कळेनासे होते. म्हणून चौथऱ्याच्या कडेला रंगीत खुणा ठेवतात आणि वैमानिक त्यांच्यावरची नजर ढळू देत नाही. स्किड, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या खालच्या पट्ट्या, टेकले तरी पूर्ण भार सोडायचा नाही, कारण खालचे हिम पोकळ असू शकते. इंजिन बंद करायचे नाही, कारण तेथे ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. जवान वाकून येतात, डबे ओढून घेतात, पत्रांची थैली देतात आणि यंत्र लगेच दरीत झेपावते.

पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. यंत्रे जुनी झाली आहेत आणि ती बदलायला आपण फार वेळ लावला, असे माझे मत आहे. नव्या इंजिनाचे 'चीतल' आणि 'शक्ती' इंजिनाचे 'ध्रुव' ही हेलिकॉप्टरे उंचावर काम करतात, पण 'ध्रुव' मोठे व जड असल्याने प्रत्येक चौथऱ्यावर ते मावत नाही.

प्रश्न : इंजिन बंद पडले तर हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते का? डोंगरात दोन इंजिनांचेच हेलिकॉप्टर घ्यावे का? (अलिबाग व मालवण येथील वाचक)

उत्तर : दगडासारखे कोसळत नाही. वैमानिकाने तत्काळ पात्यांचा कोन कमी केला, तर खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते आणि यंत्र ताब्यात राहून उतरते. यास 'ऑटोरोटेशन' म्हणतात. वर सांगितलेल्या विक्रमी उड्डाणात झाँ बुले यांचे इंजिन सर्वोच्च बिंदूपाशी बंद पडले, पुन्हा सुरू झाले नाही, आणि ते तेथून थेट जमिनीपर्यंत असेच सुखरूप उतरले. मात्र विरळ हवेत खाली येण्याचा वेग अधिक असतो, पंखा मर्यादेबाहेर फिरू पाहतो, आणि अगदी शेवटी पात्यांचा कोन वाढवून जो धक्का सावरायचा असतो तो नीट सावरत नाही. त्यातच उतरायला सपाट जागा हवी, आणि मंदाकिनीच्या दरीत ती शोधावी लागते.

दुसऱ्या इंजिनामुळे पर्याय वाढतात, यात शंका नाही. समुद्रावर तेलफलाटांकडे जाताना मी दोन इंजिनांचाच आग्रह धरीन. पण चौदा हजार फुटांवर पूर्ण भरलेल्या यंत्राचे एक इंजिन गेले, तर उरलेले इंजिन बहुधा त्याला तेथे थांबवून धरू शकत नाही. फार तर खालच्या दरीपर्यंत सांभाळून नेते. आणि ढगात शिरून कड्यावर आदळणाऱ्या हेलिकॉप्टरची दोन्ही इंजिने त्या क्षणी उत्तम चालू असू शकतात.